मुळी खणण्याआधीचा मंत्र

"आजी, मुळी खणण्याआधी ओठातल्या ओठात काय पुटपुटता?"

नीळकंठानं हे पाचव्यांदा विचारलं होतं. ठमाआईनं मान वर केली नाही.

"नावं घेते."

"कुणाची? वनदेवीची?"

…

नीळकंठ साधासुधा नव्हे बरं! सातशे वनस्पती तोंडपाठ. कुठली पित्तावर, कुठली खोकल्यावर, झोपेतून उठवून विचारावं. त्यानं ग्रंथच लिहिला होता, आणि पहिल्या पानावर लाल शाईनं स्वतःचं नाव. एकच पान कोरं होतं, तापाच्या मुळीचं.

ठमाआई डोंगरातली म्हातारी, अक्षरशत्रू. पण तिच्या हातची मुळी घेतली की ताप उतरायचा. तीच मुळी दुसऱ्यानं दिली की माणूस आणखी लोळागोळा. सगळं खोरं म्हणे, तिच्या मंत्राचा गुण! नीळकंठाच्या गुरूंनी बजावलं होतं, "तो मंत्र आण, मगच ग्रंथ वैद्यांच्या सभेत मांडू." सभा चार दिवसांवर आली होती.

म्हणून हा नऊ दिवस तिची टोपली वाहत होता. मुळी खणण्याच्या आदल्या संध्याकाळी ती झाडापुढं तांदळाचे दाणे ठेवायची, "घरात दुखणं हाय बाई, उद्या न्यायला येते," असं आवतण द्यायची. हा मागं उभा राहून हसू दाबायचा.

जेवणाचे तर हालच. भाजी एक दिवस अळणी, दुसऱ्या दिवशी नुसती खारट.

"आजी, आज मीठ विसरलात."

"व्हय का? घाल की मग."

म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून तो गिळायचा.

त्या सकाळी मात्र ठमाआईनं खुरपं खाली ठेवलं.

"काढ तुझी वही. लिही. गोमा."

नीळकंठानं घाईघाईनं वही उघडून नाव टिपलं.

"चांगू. बुधा. राही. राहीची धाकटी."

"धाकटी… तिचं नाव?"

"ठेवलं नव्हतं अजून."

लेखणी थांबली.

"आजी, या देवता कुठल्या?"

"देवता कशाच्या रं! गोमा माझी आजेसासू. पांढऱ्या फुलाची आन् जांभळ्या फुलाची, दोन्ही मुळ्या दिसायला एकच. तापावर कुठली, कुणाला ठाऊक? गोमानं पांढरी खाल्ली."

"मग?"

"मग आम्ही जांभळी खातो."

…

"चांगूनं जांभळीच खाल्ली, पण ओली. म्हणून आम्ही वाळवतो. बुधानं वाळवलेली खाल्ली, पण मूठभर. म्हणून आम्ही चिमूट घेतो. राहीनं चिमूटच घेतली. तिला काही झालं न्हाई… पण धाकटी अंगावर पीत होती."

"आणि राही?"

"ती मग जेवलीच न्हाई."

वारा सुटला. वहीची पानं फडफडली. नीळकंठानं ती दाबून धरली.

"पहिल्यांदा जिला गुण आला, तिचं नाव काय?"

"ते कोण ध्यानात ठेवतं? बरी झाली, कामाला गेली."

नीळकंठानं झोळीतून ग्रंथ काढून पहिलं पान उघडलं. लाल शाईकडं बघत राहिला. मग लेखणी उचलून आपल्या नावावर आडवी रेघ मारली, आणि खाली लिहिलं, गोमा.

ठमाआईनं बघितलं, पण तिला वाचता कुठं येत होतं? ती बांधावरच्या एका वेलीकडं वळली.

"हिला काय म्हणतात तुझ्या सातशेत?"

"ही… नाही त्यात."

"आमच्यातबी न्हाई."

तिनं कोवळं पान खुडलं, चुरगाळलं, हुंगलं. मग जिभेच्या टोकाला लावून थुंकली. तेवढ्यात नीळकंठाला तिची जीभ दिसली. चुन्यानं भाजावी तशी, अर्धी पांढरी, चिरा पडलेली.

त्याला नऊ दिवसांच्या भाज्या आठवल्या.

त्यानं हळूच विचारलं,

"आजी… मंत्र इथंच संपतो ना?"

म्हातारीनं तोंड पुसलं.

"संपतो कसा? मी हाय की अजून."