पाथरवटाची निळी वाकळ

पुष्कळ काळ लोटला त्याला. डोंगरांना तेव्हा अजून नावंसुद्धा पडली नव्हती. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांचं गाव होतं. बाया-पुरुष सगळेच दगडांच्या खाणीत राबत आणि सगळ्यांच्या अंगात नीळ दिलेल्या जाड्याभरड्या कापडाचा अंगरखा असे. कापड इतकं जाड, की नवा अंगरखा जमिनीवर ठेवला तर माणसासारखा उभा राही.

त्या गावाची एक रीत होती. मुलगी सासरी निघाली, की आईच्या जुन्या अंगरख्यांची वाकळ तिच्यासोबत द्यायची. खाणीची धूळ मुलीच्या सासरी जाऊ नये, म्हणून ती आधी नदीवर धुवायची.

त्या गावात एक पाथरवट होता. त्याने रचलेल्या भिंतीत दोन दगडांमधून सुरीचं पातं जात नसे. "सांधा दिसला तर ते काम कसलं?" असं तो म्हणे. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको तापाने गेली. लोक भेटायला आले, तेव्हा तो म्हणाला, "आम्ही ठीक आहोत," आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून तिचं नाव त्याने काढलं नाही, आणि त्याच्यासमोर कुणीही काढलं नाही.

आता मुलीची पाठवणी दहा दिवसांवर आली. सासर डोंगरापलीकडे, जिथे थंडीत माठातलं पाणी गोठे. वाकळ तर हवीच होती.

शेजारणी दाराशी आल्या. "भावोजी, वाकळ आम्ही शिवतो. तुमचा हात छिन्नीचा, त्यात सुई कुठली टिकायची?"

"तिच्या कपड्यांना मीच हात लावीन," पाथरवट म्हणाला, आणि दार पुन्हा लागलं.

पहिल्या दिवशी त्याने तीन दाभणं मोडली. मुलगी म्हणाली, "आबा, दाभण आहे ते. आता हातोडा तेवढा मागू नका."

अंगरखे उसवताना त्याला एक जळका तुकडा सापडला. तळहाताएवढा काळा डाग होता, मधोमध भोक होतं. याच अंगरख्यावरून तो बायकोवर ओरडला होता. "चुलीपाशी जळला," एवढंच ती म्हणाली होती. त्याने तो तुकडा पदरांच्या आत दडवला.

मग त्याने भिंत रचावी तशी वाकळ रचली. प्रत्येक चौकोनाची कड आत दुमडली, तीवर दुसऱ्याची दुमडली, आणि दोरा ओढून गच्च केला. तीन दिवसांनी वाकळ पुरी झाली. एकही सांधा दिसत नव्हता.

चौथ्या दिवशी, घाट रिकामा असेल अशा भर दुपारी, तो एकटाच नदीवर गेला. वाकळ पाण्यात सोडली, पायांनी तुडवली आणि वर उचलायला वाकला. वाकळ उठेना. देवळाचा उंबरठा खांद्यावर वाहून नेणारा माणूस तो, आणि त्याला एक पांघरूण उचलेना! त्याला रागापेक्षा नवलच जास्त वाटलं. शेवटी त्याने ती फरफटत खडकावर आणून पसरली.

दोन दिवस ऊन कडक होतं. वरून वाकळ खडखडीत वाळली, पण शिवणी दाबल्या की पाणी पाझरे. सहाव्या दिवशी मुलीने तिच्यात तोंड खुपसलं आणि लगेच बाजूला घेतलं. "आबा, आंबूस वास येतोय." मग बापाचा चेहरा पाहून ती म्हणाली, "राहू द्या. मी अशीच नेईन."

ते शब्द पाथरवटाला फार लागले. तो उठला आणि घाटाच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या परटिणीकडे गेला.

म्हातारीने वाकळ चाचपली आणि खो खो हसली. "दगडाचं काम कापडावर केलंस होय रे? कड आत दुमडलीस, तिथे आठ-आठ पदर झाले. दाभण तिथेच मोडलं असेल, पाणीही तिथेच अडलं."

"मग कड ठेवायची कुठे?"

"बाहेर! बोटभर कापड शिवणीच्या बाहेर उभं सोडायचं आणि कात्रीने त्याला बारीक चिरा द्यायच्या."

"म्हणजे सांधा सगळ्यांना दिसणार?"

"दिसू दे की! दगडाला पाणी पाजायचं नसतं, लेका. कापडाला पाजायचं असतं आणि काढूनही घ्यायचं असतं."

पाथरवटाला ते पटलं नाही, पण करून पाहावंसं वाटलं. घरी त्याने दोनच चौकोन जोडले. कडा बाहेर सोडल्या, चिरा दिल्या, घंगाळात बुडवून चोळल्या. बापलेक डोक्याला डोकं लावून बघत बसली. चिरांमधून एकेक धागा सुटला. आतले धागे पांढरे, बाहेरचे निळे. बघता बघता शिवणीवर मऊ झालर उभी राहिली.

"आबा, हिला मोहोर आला!" मुलगी म्हणाली.

त्यांनी सगळी वाकळ उसवली आणि दोघांनी मिळून दोन दिवसांत नव्याने शिवली. कडा बाहेर सोडल्यामुळे कापड कमी पडलं. जळका तुकडाही वर लावावा लागला.

आठव्या दिवशी संध्याकाळी परटीण वाकळ बघायला आली. "शिवलीस छान. पण पिळणार कशी? दोन्ही टोकं तुझ्याच मुठीत असली तर पीळ बसायचा कसा? पोरगी एकटी पुरायची नाही तुझ्यासमोर."

पाथरवट बराच वेळ अंगणात उभा राहिला. मग शेजारच्या दाराशी गेला. "वहिनी, उद्या सकाळी नदीवर... एक टोक धरायला याल?"

"दोन वर्षं लागली होय, भावोजी, आमचं दार सापडायला?" शेजारीण म्हणाली. मग तिने तिथूनच हाक घातली, "अगं बायांनो, ऐकलंत का? उद्या नदीवर जायचंय!"

नवव्या दिवशी सकाळी एका टोकाला पाच बाया आणि दुसऱ्या टोकाला बापलेक उभी राहिली. वाकळ बडवली तशी निळ्या धाग्यांची लव पाण्यावर पसरली. मासे खाणं समजून तिच्यामागे धावले आणि तोंडात घेऊन थुंकून परत फिरले. बाया हसल्या. मग पीळ द्यायला सुरुवात झाली, त्या उजवीकडे, ही दोघं डावीकडे.

"थांबा गं," शेजारीण एकदम म्हणाली. "हा जळका तुकडा गोजराचा ना?"

दोन वर्षांत पाथरवटाच्या बायकोचं नाव त्याच्यासमोर पहिल्यांदाच निघालं होतं. पाथरवट खाली बघत म्हणाला, "हो. चुलीपाशी जळला होता."

"चुलीपाशी? अहो, माझी कडब्याची गंजी पेटली होती! गोजराने अंगातला अंगरखा भिजवला आणि त्यानेच ती विझवली. गोठा वाचला माझा."

"मला कधी बोलली नाही."

"कशी बोलेल? 'लोकांच्या कडब्यासाठी अंगरखा जाळलास?' म्हणून ओरडला असतात तुम्ही."

"ओरडलोच की," पाथरवट म्हणाला.

त्याच्या हातातलं टोक सैल पडलं. "अहो धरा, धरा! पोरीला नदीत घालाल!" बाया ओरडल्या.

"धरलंय," तो म्हणाला. त्याने टोक पुन्हा घट्ट आवळलं आणि विचारलं, "तिचं अजून काय काय ठाऊक आहे तुम्हाला?"

बरंच ठाऊक होतं. एकीने सांगितलं, की खाणीत साप निघाला तेव्हा गोजराच सगळ्यांच्या आधी पळाली होती आणि वर म्हणाली होती, "मी वाट दाखवत होते." दुसरीला ती गात असे ती ओवी आठवली. मुलगी ऐकत होती, मधूनच "मग?" म्हणून विचारत होती. प्रत्येक पिळाबरोबर वाकळीतून पाणी धो धो गळत होतं. पाथरवट हसलाही आणि रडलाही. बायांनी ते पाहिलं, पण पीळ थांबवला नाही.

संध्याकाळपर्यंत वाकळ आतून-बाहेरून वाळली. दहाव्या दिवशी मुलगी ती घेऊन डोंगरापलीकडे गेली. थंडीच्या रात्री सासरी कुणी त्या जळक्या तुकड्याबद्दल विचारलं, की ती सगळी गोष्ट सांगू लागे.

पुढच्या हिवाळ्यात गावातल्या एका घरचं तरुण माणूस गेलं. त्याची म्हातारी आई त्याची वाकळ धुवायला एकटीच नदीवर आली. पाथरवट हातातलं काम टाकून, न बोलावता पाण्यात उतरला. "काकू, ते टोक इकडे द्या," तो म्हणाला, "आणि तुमचा मुलगा कसा होता ते सांगा."

बोध : दुःख एकट्याने पिळून निघत नाही, त्याचं दुसरं टोक कुणाच्या तरी हाती द्यावं लागतं.