तळ्यातली फरशी

प्लॅस्टिकचे कण पोटात जाऊन तळ्यातले मासे मरू लागले, त्या काळची ही गोष्ट. माणसांनी खास रसायनाचा लेप दिलेली एक फरशी तळ्यात सोडली. तिच्यावर ऊन पडलं की ते कण हळूहळू विरून जायचे. पण जलपर्णीनं सगळं तळं झाकून टाकलं आणि फरशीपर्यंत ऊन पोचेना.

"जलपर्णीबाई, जरा सरका," ढमाई नावाची म्हातारी कासवीण म्हणाली.

"मी सावली देते, ते दिसत नाही का?" जलपर्णी फणकारली.

ढमाई जलपर्णीचे देठ कुरतडू लागली. तिचा जबडा ठणकू लागला. आठवड्यानं फरशीवर वीतभर ऊन उतरलं.

"किती कण गेले गं?" ढमाईनं फरशीला विचारलं.

"थोडेच," फरशी म्हणाली. "आणि उद्या ही जलपर्णी पुन्हा पसरेल."

"ठाऊक आहे," म्हणत ढमाईनं पुढचा देठ तोंडात धरला.