पुनवेचा खेकडा

समुद्रातल्या लढाईचा गेम बनवणारी एक कंपनी होती. तिथं जादूचे जलचर काढावेत तर धुरंधरसाहेबांनीच! पण नव्या देवयानी तांडेलच्या राक्षसी खेकड्याचं मालकांनी कौतुक केलं आणि साहेबांच्या पोटात दुखू लागलं. काल आलेली पोर! भर बैठकीत ते गरजले, "याचं कवच फुटत नाही, जादू हटत नाही. मग खेळणारा जिंकणार कसा? काढून टाका!"

मालकही विचारात पडले.

कोळ्याची लेक देवयानी हसली. "साहेब, पुनवेचा खेकडा आमच्यात कोणी घेत नाही, आतून पोकळ असतो. गेममध्येही पुनवेलाच गाठायचा, एका फटक्यात आडवा! आत काही नसलं की वरच्या कवचाचा काय उपयोग?"

सगळे साहेबांकडे बघून हसले. खेकडा राहिला, आणि पुनवेचा चंद्र काढायचं काम मालकांनी साहेबांना दिलं.