जोवर हात खरकटा आहे

पूर्वी शाल्मली नगरीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अतिथिशाळेचे अमात्य म्हणून जन्मास आले होते. त्या जन्मी त्यांचे नाव भद्रिक. परराज्यांतून आलेल्या दूतांची बडदास्त ठेवणे हे त्यांचे काम, आणि त्या वर्षी ते काही केल्या संपत नव्हते.

त्याचे कारण असे. नदीपलीकडच्या वेतखोऱ्यात उदुंबर आणि कदंब अशी दोन कुळे राहत. आपापल्या नावाच्या झाडाला पुजावे आणि एकमेकांच्या लग्नात पोटभर जेवावे, असे त्यांचे पिढ्यान्पिढ्या चालले होते. मग एके दिवशी उदुंबरांचे पूजेचे झाड कोणीतरी तोडले. कोणी तोडले हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण उदुंबरांनी ठरवले की कदंबांनीच. उदुंबर संख्येने पुष्कळ, कदंब थोडे. कदंबांची घरे जळू लागली, माणसे मारली जाऊ लागली.

हे थांबवण्यासाठी चार राज्यांचे दूत शाल्मलीत जमले. कोणी कोणाच्या उजव्या हाताला बसावे, यावरच आधी बराच काळ खल झाला. पुढे प्रश्न आला, की खोऱ्यात चालले आहे त्याला म्हणायचे काय? जुन्या करारात स्पष्ट होते, की कत्तल झाली तर चारही राजांनी रक्षक धाडावेत. रक्षक धाडणे कोणालाच परवडत नव्हते, म्हणून कत्तल हा शब्द कोणाच्या तोंडून बाहेर पडेना. पर्वतराज्याचा दूत दीर्घकंठ विद्वान होता आणि विद्वत्तेहून अधिक बोलका होता. त्याने ‘परस्परांमधील अस्वस्थता’ असे नाव सुचवले. सागरपट्टणाचा दूत महोदर याने यावर जेवणानंतर विचार करावा असे सुचवले, आणि तेवढी एकच सूचना एकमताने मान्य झाली.

एक राजा सैनिक द्यायला तयार होता, पण होड्या देईना. दुसरा होड्या देत होता, पण त्या भिजता कामा नयेत अशी त्याची अट होती. अखेर सर्वांनी मिळून तीव्र चिंता व्यक्त केली आणि निरोप्याबरोबर ती खोऱ्यात पाठवली. जाळपोळ करणाऱ्यांनी ती अदबीने ऐकून घेतली, निरोप्याला गूळपाणी दिले आणि ते पुन्हा कामाला लागले.

अशात कदंबकुळातली सेलिका नावाची एक बाई नदी ओलांडून आली. तिच्या भावाचे घर भावासकट जळाले होते. आता उरलेली माणसे एकाच आळीत दाटीवाटीने राहत होती, आणि उद्या संध्याकाळी ती आळीही पेटवायची असे उदुंबरांचे ठरले होते. दूतांना भेटायला तिला परवानगी मिळेना, कारण तिला कोणत्या आसनावर बसवावे हे ठरलेले नव्हते. भद्रिकांनी तिला स्वयंपाकघरात बसवले आणि सगळे विचारून घेतले.

“तुमचा शब्द ठरेपर्यंत आमच्यात माणसं उरायची नाहीत,” ती म्हणाली.

बोलता बोलता तिने एक गोष्ट सांगितली. खोऱ्यात दोन्ही कुळे एक रीत पाळत. पाहुणा पानावर बसला, की त्याचा हात खरकटा असेपर्यंत त्या आळीत कोणी शस्त्र उचलायचे नाही. तिच्या भावाचे घर पेटवायला लोक आले तेव्हा आत एक वाटसरू जेवत होता. ते सगळे पलिते घेऊन मुकाट्याने अंगणात थांबले होते. पण वाटसरू भ्याला, त्याने भराभर घास कोंबले आणि हात धुतला.

 भद्रिक उठून दूतांकडे गेले. उद्याचे जेवण खोऱ्यात कदंबांच्या आळीत आहे, जागा जिवाला धोक्याची आहे, पण जेवत असेपर्यंत केसालाही धक्का लागणार नाही, असे त्यांनी काही न लपवता सांगितले. महोदरला वाक्याचा शेवटचाच भाग नीट ऐकू आला, आणि त्याने होकार दिला. महोदर जाणार म्हटल्यावर दीर्घकंठाला मागे राहणे शक्यच नव्हते. तिकडे परस्पर काही ठरले असते तर? उरलेले दोघेही त्याच भीतीने निघाले. भद्रिकांसह चारही दूत होड्यांत बसले, आणि होड्या भिजल्या.

आधीच परतलेल्या सेलिकेने आळीत पाने मांडली होती. नाचणीची भाकरी, कुळथाचे कढण, आणि शेवटचे उरलेले लोणकढे तूप. उजवीकडे कोण हे विचारायचे राहूनच गेले, कारण वाटेत त्यांनी जळकी घरे पाहिली होती. पहिला घास घेतला तोच पलिते आले. पुढे उदुंबरांचा म्होरक्या उग्रक. पाने पाहून तो थबकला आणि आळीच्या तोंडाशी बसून राहिला.

महोदर उठू लागला. भद्रिक त्याच्या कानाशी वाकले. “महाराज, आपला हात खरकटा आहे तोवरच ही आळी उभी आहे.”

महोदर खाली बसला. जन्मभर ज्या पोटावरून लोक त्याला हसले, ते त्याने त्या दिवशी कामी लावले. त्याने भाकरी मागितली, मग आणखी मागितली. दीर्घकंठाने कढण आधी घ्यावे की तूप आधी, हा वाद काढला आणि चौघांनी तो दोन्ही बाजूंनी लढवला. सभेत ज्या गुणाने खोरे जळत राहिले, त्याच गुणाने आता ते वाचत होते. पलित्यांतले तेल संपत आले. वाट पाहणाऱ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले.

तेव्हा सेलिका एक पान घेऊन आळीच्या तोंडाशी गेली आणि ते तिने उग्रकासमोर ठेवले. 

उग्रक पानाकडे पाहत राहिला. “या हातानं तुझ्या भावाचं घर पेटवलंय. त्यानं कसा जेवू?”

 सेलिकेने तांब्या उचलला. “धू,” ती म्हणाली, आणि पाणी ओतले.

तो जेवला. त्याच्यामागे इतरही बसले, आणि त्या संध्याकाळी आळीत कोणाचाच हात कोरडा राहिला नाही. दीर्घकंठाने खरकट्या हातानेच निरोप्याला बोलावले आणि चारही राजांना एकच शब्द पाठवला: कत्तल. आपले दूत तिथे अडकल्याचे कळताच राजांनी विलक्षण चपळाई दाखवली. रक्षक येईपर्यंत दूत आळीतच राहिले आणि पाळीपाळीने जेवले.

ही कथा शास्ता भगवंतांनी विहारात भिक्खूंना सांगितली, तेव्हा जवळची दोन गावे पाटाच्या पाण्यावरून कुऱ्हाडी घेऊन उभी होती, आणि समजवायला कोणी जावे याची भिक्खूंत सकाळपासून चर्चा चालली होती. शास्ता म्हणाले, “तेव्हाची सेलिका म्हणजे आज काठी टेकत तिकडे निघून गेलेली ती वृद्ध भिक्खुणी. दीर्घकंठ म्हणजे सकाळपासून बोलणारा हा पूर्णिल. महोदर म्हणजे तुमच्यात सर्वांत शेवटी पात्र धुणारा सुभोज. आणि अमात्य भद्रिक मीच होतो. या कथेतला गुण करुणा होय. ती दुरून करता येत नाही.”

पात्र धुवायला उठलेला सुभोज तसाच थांबला. मग खरकटे पात्र हातात घेऊन तो गावांच्या वाटेला लागला, आणि पूर्णिल बोलता बोलता त्याच्या मागून निघाला.