मेलेल्या बैलाची दया

पूर्वी कोसंबपुरात शूरदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता, आणि गावोगावची भांडणे मिटवता मिटवता त्याचे केस पिकले होते.

एका साली पावसाने ओढ दिली. भद्रक नावाच्या शेतकऱ्याचे दोन्ही बैल तोंडाला फेस येऊन मेले. शेजारच्या गावचा गुराखी नंदिय तळ्याजवळ दिसला होता. त्यानेच पाण्यात विष कालवले असे ठरवून लोकांनी त्याला वडाला बांधले. मावळतीला त्याला ठार करायचे ठरले. मग त्याचे गाव सूड घ्यायला येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बोधिसत्त्व पिंगल वैद्याला आणि सोमदत्त तापसाला घेऊन धावत आला. एक कारण शोधील, दुसरा लोकांची मने निववील, अशी त्याची भाबडी आशा.

वैद्य म्हणाला, "बैलाचे पोट फाडून पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

तापस म्हणाला, "मृत प्राण्यावर शस्त्र? ही हिंसा मी होऊ देणार नाही."

"मग बसा जप करीत. जपाने विष कळते का?"

"आणि तुझ्या सुरीने क्रोध शमतो का?"

झाले! ऊन कलले तरी दोघांची जुंपलेलीच. बांधलेला नंदिय एकदा याच्या, एकदा त्याच्या तोंडाकडे पाही. तिकडे लोक कुऱ्हाडीला धार लावून मोकळे झाले. बोधिसत्त्वाला अगदी वीट आला.

"तापस महाराज," तो म्हणाला, "मेलेल्या बैलाची एवढी दया येते, तर या जिवंत माणसाचीही थोडी येऊ द्या. आणि वैद्यराज, तोंड पुरे, आता सुरी चालवा!"

पोट फाडले. आत कोवळी, सुकत चाललेली ज्वारी निघाली.

"पावसाविना खुरटलेली कोवळी ज्वारी गुरांना विषासारखी बाधते," वैद्य म्हणाला. "तळ्याचा काही दोष नाही. यांना शेतात सोडले कुणी?"

"मीच," भद्रक म्हणाला. "चारा संपला होता. त्यांची उपासमार बघवेना, म्हणून माझ्याच शेतात सोडले."

काम संपले असे समजून वैद्य हात धुवायला निघाला. पण ज्या हाताने दावी सोडली तो हात भद्रकाने ओंडक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने कुऱ्हाड उगारली. तेव्हा फाडलेल्या बैलाच्या रक्तामासाचा विटाळ विसरून तापस धावला आणि त्याने आपला हात भद्रकाच्या हातावर ठेवला.

"दयेनेच सोडलेस ना, बाबा? मग हा हात कशाला तोडतोस?"

कुऱ्हाड खाली आली नाही. भद्रक ढसाढसा रडू लागला. वैद्याने मागे फिरून त्याच सुरीने नंदियाचे दोर कापले. नंदिय जिवंत घरी गेला आणि सूड घ्यायला कुणी आले नाही.

शांती ज्ञानाने येते की ध्यानाने, यावर विहारात सकाळपासून भांडणाऱ्या दोन भिक्षूंना शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ही कथा सांगितली. मग तो म्हणाला, "सुदंता, तो वैद्य तू होतास. रोहका, तो तापस तू. एकट्याने तुमच्यापैकी कुणालाच तो अनर्थ टाळता आला नसता, आणि अजून तुम्ही भांडताच आहात! अमात्य मी होतो. त्या जन्मी मी क्षांती, म्हणजे सहनशीलता, ही पारमिता शिकलो. तुम्ही दोघे बरोबर असताना दुसरी कुठली शिकणार?"