युनिक्सचा सर्व्हर आणि सुपडूची नोकरी

एका गावात सुपडू नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलं तेवढंच करायचा. त्याच्या पुढे नाही की मागे नाही. गावच्या दूध संघाने त्याला हंगामी कामावर ठेवलं होतं. एके दिवशी शहरातून संघाच्या कार्यालयात युनिक्सवर चालणारा एक जुना सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी ठेवणारा मोठा कॉम्प्युटर, आला. कार्यालयातलं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या खाचणेबाईंनी सगळ्या टेबलांवरचे कॉम्प्युटर त्याला जोडले.

"सुपडू, हा तू सांभाळ," बाई म्हणाल्या. "दसऱ्याच्या पूजेपर्यंत नीट चालला, तर आपले अध्यक्ष मगनदादा तुला कायम करतील. आणि रोज संध्याकाळी सहाला बंद करत जा."

सुपडूचं लग्न याच कायम नोकरीवर अडलं होतं. त्याने घड्याळावरची नजर हलवली नाही. सहा वाजले. लोक कामातच होते. सुपडूने बटण दाबलं. दिवसभराची दूधनोंद गेली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, आधी सगळ्यांना सांगायचं. सगळे कामातून बाहेर पडले की मगच बंद करायचं."

"बरं बाई. यापुढे तसंच."

पुढच्याच आठवड्यात सर्व्हरच्या मागून धूर आला. सुपडू टेबलाटेबलाशी गेला. "अण्णा, काम आवरा. ताई, तुम्हीपण." एक कारकून चहाला गेला होता. सुपडू त्याची वाट बघत बसला. तो येईपर्यंत आतल्या वायरी जळाल्या.

"अरे शहाण्या," बाई म्हणाल्या, "धूर दिसला की कुणाला विचारत बसायचं नाही. आधी मेन स्विच ओढायचा, मग त्या लाल बादलीतली वाळू ओतायची. समजलं?"

"समजलं, बाई."

बाईंनी खपून सर्व्हर पुन्हा उभा केला. वर मगनदादांकडे सुपडूसाठी रदबदलीही केली. पोरगं प्रामाणिक होतं, म्हणून त्यांचा जीव होता त्याच्यावर.

दसरा आला. सर्व्हरला झेंडूची माळ घातली. आतलं यंत्र लोकांना दिसावं म्हणून झाकण काढून ठेवलं. पहिल्या रांगेत सुपडूला ठरवलेल्या मुलीचे वडील येऊन बसले; सुपडू त्यांना मामा म्हणायचा. पूजा आटोपली की दादा सुपडूच्या नोकरीचं जाहीर करणार होते. दादांनी हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती पेटवली आणि वाकून सर्व्हरला ओवाळली.

धूर निघाला.

सुपडूने कुणालाही विचारलं नाही. मेन स्विच ओढला. कार्यालयात अंधार झाला. मग बादली उचलली. अर्धी वाळू उघड्या सर्व्हरमध्ये ओतली आणि अर्धी दादांच्या डोक्यावर.

दादांनी तोंडातली वाळू थुंकली. "सुपडू, काय केलंस हे?"

सुपडूने नम्रपणे हात जोडले. "काही नाही दादा, या वेळी वेळेत पोचलो. आता माझ्या नोकरीचं सांगून टाका. मामा ताटकळलेत."