पाळण्यांचे दोर आडात का सोडतात

या, सावलीला या. मला गेनबा म्हणतात. या आडाची राखण माझ्याकडं आहे. पाण्याची बाटली मात्र हातातच ठेवा. रिकामी झाली की जागच्या जागी भिरकावायची खोड असते तुम्हा लोकांना.

हा रहाटावरून आत गेलेला दोर बघितलात? जागोजागी गाठी आहेत त्याला. हे आमच्या हिवरदरीतल्या पाळण्यांचे दोर आहेत. आज अक्षय तृतीया. आजच्या दिवशी गावातले पाळणे उतरवतात, त्यांचे दोर एकमेकांना बांधून या आडात सोडतात आणि पोरं दिवसभर मांडीवर झोपतात.

पूर्वी या गावात सटवाजी नावाचा दोर वळणारा होता. मातंग समाजाचा, आमच्याच भावकीतला, असं सांगतात. अंबाडी पंधरा-वीस दिवस डोहात भिजवायची, मग सोलायची, आपटायची, धुवायची आणि मग वळायला घ्यायची. त्याची बायको येसा पीळ द्यायची आणि तो मागं मागं चालत जायचा. आडाचं पाणी ओढायचा एक नाडा व्हायला महिना लागे, पण तो नाडा बापानं घ्यावा आणि लेकानं वापरावा.

मग एका साली एक व्यापारी गाढवांवर दोर लादून आला, म्हणे. पांढरेशुभ्र, गुळगुळीत, टोकाला लाल गोंडे. आत कुजका ताग आणि वरून खळ! पण महिनाभर थांबायला नको, हाताला काचायला नको, तुटला तर दुसरा घ्या. आमचे पूर्वज म्हणजे शहाण्यांचे शिरोमणी! एकाच्या दारात गोंडा दिसला की शेजारणीच्या पोटात दुखायचं. नाडा तुटला की मान खाली घालायची सोडून मिरवायचे, ‘आमच्याकडं दर सणाला नवा लागतो.’ सटवाजीचे नाडे त्यांनी होळीत घातले. ते लवकर जळेनात, तर त्यालाही नावं ठेवली.

सटवाजीला काम उरलं नाही. घरातला शेवटचा नाडा त्यानं परगावी धान्यावर दिला आणि मोलानं आड उपसायला जाऊ लागला.

अशाच एका अक्षय तृतीयेला हा आड उपसायचा होता. पाटलाकडं पाहुणे आलेले, म्हणून रहाटाला गोंड्याचा कोरा दोर लावला. सटवाजीनं तो चिमटीत धरून बघितला आणि म्हणाला, “पाटील, ह्यो माणसाचं वजन धरायचा न्हाई.”

पाटील पाहुण्यांकडं बघून हसला. “तू तर आसंच म्हननार. तुझा धंदा बसला न्हवं!”

सगळे हसले. सटवाजी उतरला. पोटाला दुसरं काय होतं?

त्यानं गाळ काढला, तसा तळाला झरा फुटला. वर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला ओढून घेताना अर्ध्यावर दोर तुटला आणि तो खाली आपटला. कमरेपर्यंत उरलेल्या गाळात रुतला, पाय मोडला, आणि पाणी चढायला लागलं. दुसरा दोर सोडला, तुटला. दुहेरी करून सोडला, तोही तुटला. गावभर नाडे पडलेले आणि त्यातला एक कामाचा नाही! खालून सटवाजी हाका मारत होता.

येसा समोरच्या घरात शिरली. ते पाटलाचंच घर. तिला कुठलाच जुना नाडा दिसला नाही, दिसला तो पाळणा. त्याचा दोर बघितला, तर तिच्या नवऱ्याच्या हातचा! ती शेजारच्या घरात गेली. तिथंही तसाच. पुढच्या घरात, त्याच्या पुढच्या घरात, सगळीकडं तेच. पाणी ओढायला गोंड्याचा नाडा, आणि स्वतःचं पोर निजवायला सटवाजीचा दोर.

चाळीस पाळणे उतरवले, असं सांगतात. पोरं भुईवर रडत होती, बायका गाठी मारत होत्या. दोर पाण्याला टेकला तेव्हा खालची हाक थांबली होती. त्याच दोरानं एक गडी उतरला आणि सटवाजीला पाठीशी बांधून वर आला. दोन माणसांचं वजन, पण दोराचा एक धागा तुटला नाही. सटवाजी मात्र गेला होता.

येसा रडली नाही, म्हणे. पाटलापुढं उभी राहून एवढंच म्हणाली, “म्हंजे तुमास्नी ठावं हुतं.”

गावाला तोंड दाखवायला जागा उरली नाही. पंचांनी आडावर शपथ घेतली की दरसाल आजच्या दिवशी पाळण्यांचे दोर आडात सोडायचे, पाण्याला टेकतील इतके. खाली माणूस असला तर त्याच्या हाताला लागले पाहिजेत.

आता तुम्ही म्हणाल, केवढी अडाणी माणसं! होतीच. पण निदान पोराच्या वेळी तरी त्यांना अक्कल होती. माझ्या नातसुनेनं घरबसल्या पाळणा मागवला. बटण दाबलं की हलतो, वर गाणी म्हणतो. चार महिन्यांत बंद पडला. दुरुस्त होत नाही, नवा घ्या म्हणाले, आणि हिनं घेतलासुद्धा! त्याला दोरच नाही. घरोघरी आता तसलेच आलेत, आणि मला म्हणतात, आबा, किती सोयीचं आहे. डोंबलाची सोय!

आजही आम्ही दोर सोडतो, नेम मोडलेला नाही. यंदा अकरा घरांचे निघाले. वाकून बघा. टोक पाण्यापासून चार पुरुष उंचीवर लोंबतंय.